पूल डिग्रेडेड दाखवतोय, डिस्क गेली की केबल?

प्रश्न: घरी जुन्या पीसीवर ट्रूनास (फाइल सर्व्हरचं सॉफ्टवेअर) टाकलंय, ४ टीबीच्या दोन डिस्क मिररमध्ये (दोन्हींवर तोच डेटा). परवा लाइट जाऊन आली तेव्हापासून पूल (दोन्ही डिस्क मिळून केलेली साठवण) डिग्रेडेड, म्हणजे अर्धवट चालू, आणि एक डिस्क फॉल्टेड, म्हणजे बिघडलेली, दाखवतोय, फोटो वगैरे सगळं उघडतंय पण जीव टांगणीला लागलाय. लगेच नवीन डिस्क मागवू का?

उत्तर १: थांबा हो, आधी स्मार्ट रिपोर्ट (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) बघा. त्यातल्या नंबर ५ (रीअलोकेटेड सेक्टर, खराब म्हणून बदललेले भाग), १९७ (पेंडिंग सेक्टर, खराब असल्याचा संशय असलेले भाग) आणि १९९ (सीआरसी एरर, डेटा ये-जा करताना झालेल्या चुका) यांचे रॉ आकडे इथे टाका. पहिले दोन वाढत असतील तर डिस्कच चाललीय, नुसता १९९ वाढत असेल तर बहुतेक वेळा साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) खराब.

प्रश्नकर्ता: ५ आणि १९७ शून्य, १९९ मात्र तीन आकडी!

उत्तर १: मग मशीन बंद करून केबल बदला, जमलं तर पोर्टपण, मग झेडपूल क्लिअर (जुने एरर पुसणारी कमांड) आणि स्क्रब (पूलमधला सगळा डेटा तपासणं). १९९ परत शून्यावर येत नाही, त्यामुळे तो बघून घाबरू नका, फक्त पुढे वाढतोय का एवढं बघा. स्मार्टची लाँग टेस्टपण (पूर्ण डिस्कची तपासणी) लावा, ४ टीबीला सात-आठ तास सहज जातात.

उत्तर २: हे सगळं करायच्या आधी फोटो बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा राव!! आत्ता एकाच डिस्कवर सगळा संसार चाललाय, आणि मिरर म्हणजे बॅकअप नव्हे, चुकून डिलीट केलं तर दोन्हीकडून जातं. पुढेमागे डिस्क घेतलीच तर सीएमआर (डेटाचे पट्टे शेजारी शेजारी लिहिणारी) आहे ना बघून घ्या, एसएमआरवर (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणारी) रिसिल्व्हर, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा परत भरणं, फार रखडतं.