मदत हवी आहे: नागरी बँकेच्या संचालकांची १० वर्षांची मर्यादा

बँक महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली, बहुराज्यीय नाही. बँकिंग नियमन कायद्याचं कलम १०अ(२अ) संचालकाला सलग ८ वर्षं देत होतं. ऑगस्ट २०२५ पासून १०.

सर्वोच्च न्यायालयाचा ‘पांडुरंग गणपती चौगुले’ (२०२०) निकाल वाचलाय: सहकारी बँकांचं बँकिंग घटनेच्या केंद्रसूचीतल्या (केंद्राच्या विषयांच्या यादीतल्या) नोंद ४५ खाली येतं. पण त्याच सूचीतली नोंद ४३ सहकारी संस्था वगळते, राज्यसूचीतली नोंद ३२ त्या राज्याकडे देते. ‘राजेंद्र शाह’ (२०२१) हा निकाल कृपया सुचवू नका. तिथे सहकारी संस्थांबद्दलच्या ९७व्या घटनादुरुस्तीतल्या तरतुदी बहुराज्यीय नसलेल्या संस्थांपुरत्या राज्यांच्या अनुमोदनाअभावी पडल्या, अधिकारक्षेत्राचा हा वाद सुटला नाही.

संचालकाची मुदत हे बँकिंग की संस्थेचं व्यवस्थापन, यावर उच्च न्यायालयाचा थेट निकाल आहे का? आणि ही मर्यादा सहकारी बँकांना लागू झाली त्या जून २०२० पूर्वीची वर्षं १० वर्षांत धरायची का? प्रकरण क्रमांकासह सांगाल का?