वसंताची पहिली फुले : तुमच्या कुंडीत, वाफ्यात किंवा खिडकीत सर्वांत आधी काय उमलले?

ओलीमाती

आज सकाळी सज्ज्याचे दार उघडले, तेव्हा कोपऱ्यातल्या मातीच्या कुंडीवर रात्रीचे दव गोठून पांढरी साय धरल्यासारखे दिसत होते आणि त्या सायीतून हिरवी तीन टोके वर आलेली होती. मी अंगावर शाल ओढून तिथेच खाली बसले. स्नोड्रॉपची पाने जमिनीतून वर येताना टोकाशी कठीण झालेली असतात, त्यामुळे गोठलेली मातीही त्यांना अडवू शकत नाही, हे मला आता ठाऊक आहे. पहिल्या वर्षी मात्र यातले काहीच ठाऊक नव्हते.

त्या वर्षी शरद ऋतूत मी बारा कंद लावले आणि नंतरचे तीन महिने रोज त्या कुंडीकडे पाहिले. काहीच हालचाल नव्हती. शेवटी एका सकाळी, सगळे कुजले असे मनाशी ठरवून, मी कुंडी रिकामी करायला घेतली. पहिल्याच खुरप्यासरशी एक कंद वर आला. त्याच वेळी शेजारच्या आजी कुंपणापलीकडून म्हणाल्या, "अगं, थांब. आधी तो हातात घेऊन नीट पाहा." मी पाहिले, तर कंदाच्या बुडाशी पांढऱ्या मुळांचा दाट झुपका होता आणि वरच्या टोकाला लहान मुलाच्या पहिल्या दातासारखा फिकट कोंब होता. आजींनी तो कंद स्वतःच्या हाताने परत मातीत बसवला आणि वरून माती अलगद दाबली. सोळाव्या दिवशी त्याच जागी फूल आले.

स्नोड्रॉपचे फूल मान खाली घालून असते. एका बोटाने ते हळूच उचलल्याशिवाय आतल्या तीन आखूड पाकळ्यांच्या कडेवरची हिरवी खूण दिसत नाही. आजी आता नाहीत, पण दर वर्षी पहिले फूल उमलले की मी बोटाने त्याची मान उचलते आणि मला त्यांचा मातीने माखलेला हात आठवतो.

तुमच्याकडे सर्वांत आधी काय उमलते? पहिल्या फुलाची तुमची आठवण वाचायला मला मनापासून आवडेल.

पाणीझारी

क्रोकस. वडील अंथरुणाला खिळले होते त्या वर्षी मी जांभळ्या क्रोकसची एक पसरट कुंडी त्यांच्या खिडकीत आणून ठेवली होती. बाहेर असताना ती फुले दुपारच्या उन्हात उमलत आणि संध्याकाळी मिटत, म्हणून त्यांना उजेड कळतो असे आम्ही समजत होतो. खोलीत आणल्यावर पहिल्याच रात्री नऊच्या सुमारास वडिलांनी हाक मारली, कारण सगळी फुले पूर्ण उमलली होती. खोली उबदार होती, एवढेच त्याचे कारण होते. ऊब मिळाली की पाकळीची आतली बाजू बाहेरच्या बाजूपेक्षा भराभर वाढते आणि फूल उघडते, गारवा आला की बाहेरची बाजू वाढते आणि फूल मिटते. ट्युलिपमध्येही हेच घडते, आणि अशी रोज थोडी वाढ होत राहिल्यामुळे शेवटच्या दिवसाची पाकळी पहिल्या दिवसापेक्षा चांगलीच लांब झालेली असते.

त्यानंतरचे नऊ दिवस वडिलांनी त्या फुलांची वही ठेवली. किती वाजता दिवा लावला, किती वाजता पहिले फूल उघडले, खिडकी उघडल्यावर किती वेळात मिटले, हे सगळे ते मला सांगत आणि मी लिहून घेत असे. कित्येक महिन्यांनी त्यांना उद्याच्या दिवसात काहीतरी पाहायचे होते. ती वही माझ्याकडे अजून आहे.

दवबिंदू

पाणीझारी, तुमचा प्रतिसाद वाचून काही वेळ काम बाजूला ठेवावे लागले. वही जपून ठेवा.

परसदार

माझा अनुभव आनंदाचा नाही, पण तो कोणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून लिहितो. ट्युलिपच्या कंदांना साधारण १२ ते १६ आठवडे चांगला गारवा मिळाला नाही, तर देठ लांबत नाही आणि फूल पानांतच अडकून राहते, हे वाचून मी वीस कंद कागदी पिशवीत घालून शीतकपाटाच्या तळातल्या कप्प्यात ठेवले. त्याच कप्प्यात सफरचंदे होती. वसंतात पाने उत्तम आली, कळ्याही आल्या, पण हात लावला तर आत काहीच नाही. वाळलेल्या कागदासारख्या त्या पोकळ कळ्या बोटांत चुरगळल्या.

पिकणारी फळे इथिलीन वायू सोडतात आणि कंदाच्या पोटातली कळी त्या वायूने मरते, हे मला नंतर समजले. ज्यांना विश्वास बसत नसेल, त्यांनी शरदाच्या अखेरीस एक कंद उभा चिरून पाहावा. कांद्यासारख्या जाड पापुद्र्यांच्या मधोमध, गव्हाच्या दाण्याहून फारसे मोठे नसलेले संपूर्ण फूल तिथे असते, पाकळ्या आणि पुंकेसरांसकट. मी तो कंद चिरला तेव्हा मला खरोखर वाईट वाटले, कारण असेच वीस जीव मी फळांशेजारी ठेवून मारले होते. पुढच्या वर्षी कंदांसाठी वेगळी जागा केली आणि वीसपैकी अठरा फुलले. उरलेले दोन मी फार खोल लावले असावेत. कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोली पुरेशी असते.

उन्हाळी_गच्ची

आमच्याकडे हिवाळा नावापुरताच असतो आणि गच्चीवरच्या कुंड्यांत दव गोठण्याचा प्रश्नच येत नाही. अशा ठिकाणी या कंदांची आशा धरावी का, हे परसदार किंवा ओलीमातीताई सांगतील का?

आमचे पहिले फूल म्हणजे मोगरा. हिवाळा संपता संपता मी त्याला छाटते, पाणी कमी करते, जुनी पाने काढून टाकते आणि मग शेणखत घालून पुन्हा पाणी सुरू करते. मोगऱ्याला फूल नव्या फुटीवरच येते, त्यामुळे छाटायला हात कचरला की त्या वर्षी नुसता पाला मिळतो. पहिल्या कळ्या मोजण्याचा मान आमच्या घरात धाकट्या लेकीचा आहे. मागच्या वर्षी तिने सात मोजल्या होत्या आणि संध्याकाळी आठवी सापडली, तेव्हा ती गच्चीवरून खालपर्यंत ओरडत आली होती.

परसदार

उन्हाळी_गच्ची, ट्युलिप आणि हायसिंथ यांना कृत्रिम गारवा द्यावाच लागेल आणि तुमच्याकडे ते कंद दुसऱ्या वर्षी पुन्हा फुलण्याची आशा फार कमी आहे. नार्सिससचा मात्र एक प्रकार आहे, पेपरव्हाइट नावाचा, त्याला गारव्याची गरज नसते. उथळ भांड्यात गोटे भरून त्यांवर कंद बसवा आणि पाणी फक्त कंदाच्या बुडाला टेकेल एवढेच ठेवा. कंद पाण्यात बुडाला तर कुजतो. साधारण चार ते सहा आठवड्यांत पांढऱ्या फुलांचे घोस येतात. वास उग्र असतो, तेव्हा झोपण्याच्या खोलीत ठेवू नका.

उन्हाळी_गच्ची

मनापासून आभार. लेकीला आत्ताच सांगितले आणि ती गोटे धुवायला बसलीसुद्धा.

रानवाटा

डॅफोडिल. लग्नानंतरच्या पहिल्या वसंतात सासूबाईंच्या वाफ्यात शंभरावर पिवळी फुले होती. फुले संपल्यावर उरलेली लोळणारी पाने मला पाहवेनात, म्हणून त्या बाहेरगावी असताना मी ती सगळी जमिनीलगत कापून वाफा साफ केला. त्या परत आल्या, वाफ्याजवळ उभ्या राहिल्या आणि एवढेच म्हणाल्या, "पुढच्या वर्षी आपण पाहू." पुढच्या वर्षी अकरा फुले आली.

फूल सरल्यानंतर निदान सहा आठवडे ती पाने तशीच राहू द्यायची असतात, कारण त्या काळात पाने उन्हातून अन्न करून कंदात साठवतात आणि त्या साठ्यावर पुढच्या वर्षीचे फूल घडते. पानांच्या गाठी मारणे किंवा वेण्या घालणेही चुकीचे आहे, कारण मग पानांना ऊन मिळत नाही. सासूबाईंनी मला हे रागावून सांगितले नाही, तर त्या अकरा फुलांपाशी बसून सांगितले. पुढची तीन वर्षे आम्ही दोघींनी मिळून त्या कंदांना खत घातले आणि पिवळी पडणारी पाने झाकली जावीत म्हणून पुढे उशिरा वाढणारी झाडे लावली. वाफा पुन्हा भरला. माझे आणि त्यांचे नातेही त्याच वाफ्यात रुजले, असे मला वाटते.

आणखी एक सांगते. डॅफोडिल कापून फुलदाणीत ठेवणार असाल, तर आधी काही तास, शक्य असल्यास रात्रभर, वेगळ्या पाण्यात ठेवा. देठातून चिकट स्राव येतो आणि त्याने शेजारची ट्युलिप लवकर माना टाकतात. नंतर देठ पुन्हा कापू नका, नाहीतर स्राव परत सुरू होतो.

खुरपे

हायसिंथचे कंद हाताळताना हातमोजे घालावेत, ही विनंती सर्वांना करतो. त्यांच्या सालीत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि त्यांनी कातडीला खाज सुटते. मी चाळीस कंद उघड्या हातांनी लावले आणि त्याच हातांनी मान पुसली. दोन दिवस झोप नव्हती. पण निळ्या हायसिंथचा पहिला तुरा उमलल्यावर जिन्यापर्यंत वास आला आणि दर वर्षी लावायचेच, हे तिथेच ठरले.

दवबिंदू

खुरपे, जिन्यापर्यंत वास येतो हे अगदी खरे आहे. आमच्याकडे एकच कंद काचेच्या पेल्यात पाण्यावर ठेवला होता, दहा आठवडे अंधाऱ्या गार कोठीत. पांढरी मुळे पेल्याच्या तळापर्यंत सरळ उतरलेली पाहण्यात फुलाइतकाच आनंद होता.

माजघर

ओलीमातीताई, स्नोड्रॉपचे नाव वाचले आणि आईची आठवण आली, म्हणून विषयाच्या जरा कडेने लिहिते. आईला स्मृतिभ्रंश झाला, तेव्हा तिला जी गोळी सुरू होती, तिच्यातल्या द्रव्याचे नाव गॅलँटामाइन. हे द्रव्य १९५०च्या दशकात स्नोड्रॉपच्या कुळातल्या कंदांमधून वेगळे काढले गेले आणि स्नोड्रॉपच्या 'गॅलँथस' या शास्त्रीय नावावरूनच त्याला नाव मिळाले. ग्रीक भाषेत गाला म्हणजे दूध आणि अँथोस म्हणजे फूल. दूधफूल. (कंद स्वतः विषारी आहे, तो कोणीही चाखूनसुद्धा पाहू नये. लहान मुले आणि पाळीव प्राणी असलेल्या घरांत विशेष काळजी घ्यावी.)

औषधाने आई बरी होणार नव्हती, हे आम्हाला माहीत होते. पण ही माहिती कळल्यावर मी एक लहान कुंडी आणून तिच्या पलंगाजवळ ठेवली. तिला माझे नाव त्या वेळी आठवत नव्हते. तिने फुलाकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "याला खाली का पाहावे लागते?" मी म्हटले, "पावसाने पराग भिजू नयेत म्हणून." ती म्हणाली, "शहाणे आहे." तो दिवस तिचा आणि माझा चांगला गेला.

पाणीझारी

माजघर, तुमच्या आईंचे वाक्य मी वडिलांच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवू का? तुमची परवानगी असेल तरच.

माजघर

अवश्य लिहा, ताई. आईला आवडले असते.

सावलीतले_झाड

माझ्या सज्ज्यात थेट ऊन येत नाही, म्हणून माझे पहिले फूल हेलेबोर. ज्यांना आपण त्याच्या पाकळ्या म्हणतो, ती खरे तर निदले आहेत आणि खऱ्या पाकळ्या आत लहान मधुकोशांच्या रूपात असतात. निदले गळत नाहीत, त्यामुळे फूल कित्येक आठवडे, रंग हिरवट होत होत, झाडावर टिकते. त्याच्या एका जातीच्या मधात यीस्ट वाढते आणि त्या यीस्टमुळे फुलाचा आतला भाग बाहेरच्या हवेपेक्षा उबदार होतो, असे २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले आहे. थंडीत बाहेर पडलेल्या भुंग्याला त्या उबेचे केवढे मोल असेल! गेल्या आठवड्यात एक जाडसर राणी भुंगी माझ्या फुलात शिरली आणि इतका वेळ बाहेर आली नाही की मी चहा गार होईपर्यंत तिथेच उभी राहिले.

कुंडीत लावणाऱ्यांनी एवढे मात्र करावे : कुंडी विटांच्या तुकड्यांवर उचलून ठेवावी. जमिनीतल्या मुळांपेक्षा कुंडीतल्या मुळांना थंडी जास्त लागते आणि तळाशी साचलेले पाणी गोठले, तर झाडही जाते आणि कुंडीही तडकते.

ओलीमाती

सर्वांचे प्रतिसाद दिवसभर, हातातले काम सोडून सोडून, वाचले. परसदार, शीतकपाटातली फळे मी आजच दुसऱ्या कप्प्यात हलवली, कारण माझेही सहा कंद तिथे आहेत. रानवाटा, तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. माजघर, मी बोटाने फुलाची मान उचलते तेव्हा यापुढे तुमच्या आईंचा प्रश्न मला आठवेल.

दुपारी अकराच्या सुमारास कुंडीवरचे दव वितळले. सकाळी त्या तीन टोकांपैकी एकाची कळी पार आडवी पडली होती आणि ती गेली असेच मी धरले होते. थंडीत स्नोड्रॉप असा लोळतो आणि ऊब मिळाली की पुन्हा उभा राहतो, हे माहीत असूनही दर वर्षी जीव खालीवर होतो. आत्ता पाहून आले. देठ सरळ झाला आहे आणि कळीचा पांढरा रंग आवरणातून डोकावतो आहे.