गिझरचा सॉकेट तापतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमचा गिझर २००० वॅटचा आहे, म्हणजे २३० व्होल्टला साधारण ९ अँपिअर. सॉकेट १६ अँपिअरचा, त्यामुळे भार जास्त नाही. तरी थोड्याच वेळात सॉकेटला हात लावला तर चटका बसतो, प्लगची एक पिन काळवंडली आहे आणि जळक्या प्लास्टिकचा वास येतो. एमसीबी (प्रवाह जास्त झाला की वीज आपोआप तोडणारी कळ) मात्र ट्रिप होत नाही. सैल जोडामुळे होणारी उष्णता तिला कळत नाही, म्हणून जास्तच धास्ती वाटते. घरात लहान मुलं आहेत, वापर पूर्ण बंद ठेवलाय.

इलेक्ट्रिशियन म्हणतो, फक्त सॉकेट बदलू. पण आतल्या वायरचं इन्सुलेशन कडक झालं असेल तर? वायर कुठपर्यंत कापावी? आणि प्लगही बदलायलाच हवा ना? जाणकारांनी कृपया सांगावं.