वाळूच्या टेकड्या, रापण आणि पर्यटन : गावाने निर्णय कसा घ्यावा?

सागरतीर

आमचे गाव वेंगुर्ले तालुक्यात, अगदी पुळणीला, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याला, लागून आहे. वस्ती आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूच्या टेकड्यांची पट्टी असून तिच्या पुढच्या अंगाला मर्यादवेल व रावणमिशी या वाळूत वाढणाऱ्या वनस्पती, तर मागे केवडा आणि सुरूचे बन आहे. अलीकडे या पट्टीवरून गावात फार कटुता आली आहे. पर्यटकांना खोल्या देणाऱ्या कुटुंबांना समुद्र दिसावा म्हणून पुढची टेकडी सपाट करून हवी आहे. रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढून मासेमारी करणाऱ्या, मंडळींना होड्या वर घेण्याची आणि जाळी वाळत घालण्याची पूर्वापार जागा मोकळी हवी आहे. विणीच्या दिवसांत तेथे दिवे आणि गाड्या नकोत, असे कासवमित्र सांगतात. आणि ज्यांचे माड धुपीने जात आहेत, ते दगडी बंधारा मागत आहेत. यांपैकी कोणाचीही गरज खोटी नाही. मग ग्रामसभेने सुरुवात कोठून करावी?

मर्यादवेल

टेकडी गावासाठी काय काम करते, हे आधी सर्वांसमोर मांडावे, असे मला वाटते. उन्हाळ्यात समुद्रावरून येणारा वारा कोरडी वाळू वर आणतो आणि मर्यादवेलीच्या व रावणमिशीच्या जाळीत ती अडकून टेकडी वाढते. पावसाळ्यात उंच लाटा हीच वाळू ओढून नेतात व किनाऱ्यासमोर तिचा उथळ बांध तयार होतो, त्यावर पुढच्या लाटा फुटतात. पाऊस सरल्यावर समुद्र शांत झाला की त्यातली बरीच वाळू पुन्हा पुळणीवर येते. हा साठाच सपाट केला, तर पावसाळ्यातला समुद्र थेट माडांच्या मुळाशी येईल. म्हणजे खोलीतून दिसणाऱ्या समुद्राची किंमत शेजारचा बागायतदार मोजणार आहे, आणि हे त्या दोघांनी एकाच बैठकीत ऐकणे आवश्यक आहे. टेकडीखाली मुरलेले गोडे पाणी खाऱ्या पाण्याला मागे रेटते, त्यामुळे प्रश्न पुळणीजवळच्या विहिरींचाही आहे.

कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. २०१९ च्या किनारा नियमन क्षेत्र (सीआरझेड) अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या आणि कासवांच्या विणीच्या जागा सर्वांत संवेदनशील अशा सीआरझेड-१ अ गटात आहेत. दगडी बंधाऱ्याविषयी मात्र बागायतदारांशी सहानुभूतीने बोलावे, कारण जमीन डोळ्यांदेखत जाताना पाहणे सोपे नसते. तरीही बंधाऱ्यावर आपटून परतणारी लाट समोरची वाळू खरवडते आणि धूप बंधाऱ्याच्या टोकापलीकडच्या शेजाऱ्याकडे सरकते, हे त्यांना सांगितलेच पाहिजे.

रापणकर

वरील प्रतिसाद पटतो, परंतु संवर्धनाची भाषा सुरू झाली की पहिली बंदी आमच्यावर येते, हा आमच्या किनाऱ्यावरचा अनुभव आहे. रापण ओढायला दोन्ही बाजूंना माणसांची रांग लागते आणि होडी पाण्यापासून वर आणायला ठरलेली वाट लागते. ती वाट टेकडीच्या एकाच खिंडीतून वर्षानुवर्षे चालत आली आहे, तिच्या दोन्ही बाजूंची वेल आजही शाबूत आहे. नुकसान झाले ते चारचाकी आणि दुचाकी वाटेल तेथून खाली उतरू लागल्यावर. चाकाच्या दोन चाकोऱ्यांत वेल तुटली की वारा तेथूनच वाळू पोखरतो आणि एका हंगामात चाकोरीचा चर होतो. म्हणून वाटा मोजक्या आणि ठरलेल्या असाव्यात, त्यांत आमची वाट प्रथम नोंदवावी, गाड्या मात्र टेकडीमागेच थांबवाव्यात.

किनारवाट

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. तेथे २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली जात आहेत आणि पिल्ले समुद्रात सोडली जाताना पाहायला येणाऱ्यांची सोय गावातल्या घरांतच होते. किनारा राखल्याचे उत्पन्न गावाच्याच हाती येते, म्हणून संवर्धन गावाला आपले वाटते. आपल्याकडे खोल्या देणाऱ्यांना नुसती बंदी सांगण्यापेक्षा हा मार्ग दाखवावा. सुरूविषयीही विचार व्हावा : मागच्या रांगेत तो असू द्यावा, पण पुढच्या टेकडीवर नवी लागवड नको, कारण त्याच्या सुयांच्या थराखाली वेल वाढत नाही आणि सावलीने घरट्यांतील वाळूचे तापमान बदलते.

ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असेल, तर हे सर्व तिच्या लोकजैवविविधता नोंदवहीत (गावातील जैवसंपदेची नोंद ठेवणाऱ्या वहीत) नकाशासह उतरवावे आणि पर्यटनाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी ग्रामसभेचा ठराव करून घ्यावा.

सागरतीर

सर्वांचे आभार. एक अडचण राहते. पुढच्या टेकडीचा काही भाग खाजगी सातबाऱ्यावर आहे आणि ते कुटुंब गरीब आहे. आपल्याच जमिनीवर आपण काही करायचे नाही, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगावे?

मर्यादवेल

निर्बंध जमिनीच्या स्वरूपावरून लागतो, मालकीवरून नाही. त्यामुळे टेकडी सपाट करण्याची मोकळीक त्यांना मिळणार नाही. पण सगळ्या गावाच्या रक्षणाचा भार एकाच घराने उचलावा, हेही न्याय्य नाही. टेकडीमागच्या गाडीतळाचे शुल्क वसूल करण्याचे काम आणि त्यातला ठरावीक वाटा त्या कुटुंबाला द्यावा, आणि तो ठरावातच लिहावा.