सगळ्यांनी केले म्हणून आपणही केले : याला विचार म्हणावे की मेंढरांची चाल?

प्रश्न (पूर्वभागकर, सोलापूर) :
आमच्या घरी पूर्वी जकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या, मागांवर चादरी निघत. शेजारच्या कारखानदाराने टॉवेलचे माग बसवले, त्याच्यामागून दुसऱ्याने, तिसऱ्याने, आणि दीड वर्षात वडिलांनीही चादर बंद करून टॉवेल धरला. त्या वेळचा हिशेब मी अलीकडे शोधला, तेव्हा कागदावर एक ओळही नव्हती. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत पांढरी बाराबंदी घालून मी सात नंदीध्वजांमागे हजारोंच्या गर्दीत चालतो, तेव्हा त्या गर्दीतला एक असण्याची मला लाज वाटत नाही. मग धंद्यातल्या या अनुकरणाचीच का वाटावी?

उत्तर १ (जुना वाचक) :
हिशेब नव्हता म्हणजे विचारही नव्हता, असे लगेच ठरवू नका. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी यांनी १९९२ च्या एका शोधनिबंधात दोन खानावळींचे उदाहरण दिले आहे. पहिली किंचित बरी असावी असा सर्वांचा समज आहे. मात्र शंभरांपैकी नव्व्याण्णव जणांना खाजगीत कळले आहे की दुसरीच चांगली. नेमका उरलेला एक जण सर्वांत आधी येतो आणि पहिलीत शिरतो. त्याच्यामागून येणाऱ्याची स्वतःची माहिती आणि समोर दिसणारी त्याची निवड एकमेकींना छेदतात, म्हणून तो मूळ समजावर जातो, आणि पुढचे सगळे त्याच दारात जातात. यात कोणीही मूर्ख नसतो. फक्त नव्व्याण्णव जणांकडची माहिती कोणाला दिसतच नाही.

उत्तर २ (शिक्षिका) :
वरील उदाहरणात माणूस मनापासून गर्दीवर विश्वास ठेवतो. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांच्या १९५१ च्या प्रयोगात मात्र कोणती रेघ दिलेल्या रेघेएवढी लांब आहे एवढेच सांगायचे होते आणि ते डोळ्यांना स्वच्छ दिसत होते, तरी आधी बोलणाऱ्या सर्वांनी ठरवून चुकीचे उत्तर दिल्यावर सुमारे एक तृतीयांश वेळा लोकांनी तेच म्हटले. काहींनी नंतर सांगितले की खरे दिसत होते, पण वेगळे पडायचे नव्हते. सोबत खरे बोलणारा एकच जण बसवला की हे प्रमाण झपाट्याने घसरे. (वर्गात प्रश्न विचारला की मला हे रोज दिसते.) तेव्हा वडिलांना एवढे विचारा की त्यांना टॉवेल पटला होता, की वेगळे पडणे नको होते.

उत्तर ३ (चादरवाला) :
मी चादरीवरच राहिलो. गल्लीत माझ्या स्वतंत्र बाण्याचे कौतुक होई आणि मीही ते ऐकून घेई. वस्तुस्थिती एवढीच की नव्या मागांना लागणारे भांडवल माझ्याकडे नव्हते. जो कळपाबाहेर दिसतो तो विचार करूनच बाहेर पडला असेल, असे धरून चालू नये.

पूर्वभागकर :
वडिलांना विचारले. ते म्हणाले, पहिल्या शेजाऱ्याकडे व्यापाऱ्याची मोठी मागणी आधीच नक्की झालेली होती, आणि तेवढ्यासाठीच त्याने माग बदलले. आम्हा बाकीच्यांना त्याचे माग दिसले, मागणीचा कागद दिसला नाही. तो कागद असल्याचे वडिलांना कळले ते सहा वर्षांनी, एका लग्नाच्या पंगतीत.