सौभद्राला कात्री लागते ती आजचीच?

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्र’ या संगीत नाटकाची पदं, म्हणजे गाणी, कापणं हे पाप, असं काहीजण म्हणतात. मला नाही पटत. किर्लोस्करांच्याच ‘शाकुंतल’ नाटकात पदंच दोनशेच्या आसपास. वन्समोर धरले तर पहाट व्हायची. १२ वाजता हॉल रिकामा करायचा म्हटल्यावर कात्री लागणारच की हो! प्रश्न कात्री कुठं लावायची हा आहे. ‘सौभद्रा’त कृष्णाचं ‘नच सुंदरि करुं कोपा’ टाळ्या घेतं म्हणून ठेवतात आणि त्याच्या आधीचा रुक्मिणीचा रुसवा दोन वाक्यांत गुंडाळतात. मग कृष्ण समजूत कुणाची काढतोय?

आणि ही संगीत नाटकं सगळी पुण्याची, असं कुणी म्हणू नये. ‘शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० ला आणि ‘सौभद्र’ १८८२ मध्ये पुण्यात रंगमंचावर आलं, हे खरंच. पण अण्णासाहेब गुर्लहोसूरचे, म्हणजे आमच्या बेळगाव जिल्ह्यातले. १८८५ ला गेले तेही तिथंच, ‘रामराज्यवियोग’ नाटक अर्धं टाकून. साकी, दिंडी, लावणी या मराठी चालींच्या जोडीला त्यांनी कानडी चालीही घेतल्या. इकडं वाढलेल्या माणसाच्या कानात त्या असणारच. (सीमावाद राहू दे बाजूला, चालींना नकाशा कुठला!)

‘सौभद्रा’तली नायिका सुभद्रा आधी गायक-नट भाऊराव कोल्हटकरांनी केली, मग बालगंधर्वांनी. भाऊरावांचा आवाज चढा, बालगंधर्वांची लय लडिवाळ. सुभद्रेचं ‘वद जाऊं कुणाला शरण’ आज बहुतेकजणी बालगंधर्वांच्या वळणानं गातात. भाऊरावांचं वळण कानावर येत नाही. पदं कापण्यापेक्षा मला याची हळहळ जास्त.