डिमेन्शिया झालेल्यांसाठी यंत्रमांजर: संघाने देणगीचे पैसे यात घालावेत का?

घंटाळीकर

नौपाड्यातल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाला एका दिवंगत सभासदाच्या मुलाने देणगी दिली आहे. अट एवढीच की पैसे डिमेन्शिया झालेल्या सभासदांसाठी वापरायचे. कार्यकारिणीच्या बैठकीत मी सुचवलं की बॅटरीवर चालणारी काही मांजरं मागवू आणि गरज असेल त्या घरी आळीपाळीने देऊ. निम्म्यांनी लगेच होकार दिला, बाकीचे चिडले. पुढच्या बैठकीआधी बाहेरच्यांचीही मतं हवीत, म्हणून हा धागा.

ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जपानमध्ये ताकानोरी शिबाता यांनी १९९३ पासून 'पारो' नावाचं सील या समुद्री प्राण्याचं यंत्रपिल्लू विकसित केलं. पांढरी मऊ लव, तान्ह्या बाळाएवढं वजन. स्पर्श, उजेड, आवाज त्याला कळतात, कुरवाळलं की ते मान वळवतं, डोळे मिटतं, आवाज करतं. सीलच का निवडला? कुत्रं-मांजर सगळ्यांनी जवळून पाहिलेलं असतं, त्यामुळे यंत्रातली खोट लगेच जाणवते. सील कुणी पाळलेलाच नसतो. २००९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) पारोला वैद्यकीय उपकरणाचा दर्जा दिला. किंमत सुमारे ६,००० डॉलर, म्हणजे आपल्यासाठी विषय संपला. पण २०१५ मध्ये हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीने शंभर डॉलरच्या आसपास एक मांजर आणलं. पाठीवरून हात फिरवला की ते घुरघुरतं आणि ती घुरघुर तळहाताला जाणवते. मी सुचवतोय ते हे.

ज्यांच्या घरी डिमेन्शिया आहे त्यांना तिन्हीसांजेची वेळ माहीत आहे. स्वतःच्याच घरात बसून "मला घरी सोडा" सुरू होतं, दाराची कडी काढायचा प्रयत्न होतो. आपण समजावतो, आवाज चढतो, त्यांचाही चढतो. अशा वेळी शब्दांचा उपयोग होत नाही. हाताला काहीतरी मऊ, हलणारं, प्रतिसाद देणारं मिळालं तर माणूस स्थिरावू शकतो. ते खरं आहे की खोटं, हा प्रश्न त्या घटकेला आपला असतो, त्यांचा नसतो. देणगीतून असा तासभराचा शांतपणा मिळत असेल तर तो नाकारायचा हक्क कार्यकारिणीला आहे का?

सीवुड्सकर

घंटाळीकर, तुमचा हेतू चांगला आहे, पण माझा पूर्ण विरोध आहे.

माझी आई शाळेत गणित शिकवायची. आज तिला माझं नाव सापडत नाही, पण तिच्यासमोर कुणी लाडीक, बोबड्या स्वरात बोललं की ती मान फिरवते. आपल्याला लहान मूल समजतायत हे तिला अजून कळतं. तिच्या मांडीवर खेळणं ठेवणं मला जमणार नाही.

ऑस्ट्रेलियातले तत्त्वज्ञ रॉबर्ट स्पॅरो यांनी २००२ मध्येच हा आक्षेप घेतला होता. यंत्रप्राण्यापासून सुख मिळायचं तर ते काय आहे याबद्दल माणसाचा गैरसमज असावा लागतो, आणि तो गैरसमज आपण मुद्दाम पोसतो. मला ते पटतं. ज्याला फसवणं सोपं झालंय त्याच्याशी तर जास्त सरळ वागायला हवं.

दुसरं, आपल्याकडे हातांना कामं आहेत की! आई वाती वळते. मटार सोलते. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायला दिले तरी तिची तक्रार नसते. त्यातून ती घरातली कुणीतरी राहते. मांजर आलं की वातींचा कापूस आणून द्यायचा कंटाळा सुरू होईल, हे मी माझ्याच घराबद्दल सांगू शकते.

आणि ते बंद पडलं की? सोनीने एआयबो हा यंत्रकुत्रा २००६ मध्ये बंद केला, २०१४ मध्ये दुरुस्तीही थांबवली. जपानमध्ये एका बौद्ध मंदिरात त्या बंद पडलेल्या कुत्र्यांचे अंत्यविधी झाले. शाबूत मनाच्या माणसांना इतका जीव लागतो. तुम्ही तर आळीपाळीने देणार आहात. दोन आठवडे मांडीवर असलेलं मांजर परत न्यायला संघातर्फे कोण जाणार?

केवडा

सीवुड्सकरताई, एक विचारू का? आपल्या कितीतरी घरांत आजी रोज रांगत्या बाळकृष्णाला अंघोळ घालते, अंगडं-टोपडं चढवते, थंडीत पांघरूण घालते, रात्री झोपवते. मूर्ती पितळेची आहे हे तिला ठाऊक असतं, तरी पाणी कोमट आहे ना हे ती बघतेच. आपण तिला फसलेली म्हणत नाही. जे बोलत नाही त्याच्यावर माया करायची सवय आपल्याला जुनी आहे. मग मांजरावर एवढा राग का?

माझी मावशी शेवटच्या वर्षांत उशीला थोपटायची. कुणी शिकवलं नव्हतं. तिच्या हातांना थोपटायला काहीतरी हवं होतं. तेव्हा असं मांजर मिळालं असतं तर मी आनंदाने आणलं असतं.

सीवुड्सकर

केवडा, बाळकृष्ण आजीने स्वतः निवडलेला असतो. पितळ आहे हे जाणून ती त्याला देव मानते. तो भाव तिचा असतो. मांजर दुसऱ्या कुणीतरी तिच्या हाती देतं, आणि ती गप्प बसावी म्हणून देतं. तुमच्या मावशीची उशी मला मान्य आहे, कारण ती तिची तिने शोधली होती.

हस्तस्पर्श

मी ठाण्यात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, घरोघरी जाऊन काम करते. दोन्ही बाजू वाचल्या. जे तपासून पाहिलं गेलंय ते आधी सांगते.

यातला एक मोठा अभ्यास ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचा, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला. २८ वृद्धाश्रम, ४१५ रुग्ण, दहा आठवडे. एका गटाला पारो, दुसऱ्याला तोच पारो पण यंत्र बंद केलेला, तिसऱ्याला नेहमीची देखभाल. नेहमीच्या देखभालीपेक्षा पारोने आनंद थोडा वाढला, अस्वस्थता थोडी कमी झाली. चालू पारो असताना लोक जास्त बोलले, त्याच्याकडे जास्त पाहिलं. पण बंद पारोपेक्षा त्याचा जो फायदा दिसला तो या गुंतण्यापुरताच होता. आणि अस्वस्थता मोजायच्या रूढ प्रश्नावलीत तिन्ही गटांत फरक दिसला नाही.

म्हणजे घंटाळीकर, आधी साधं मऊ खेळणं देऊन बघा. कुणी जवळ घेतलं तर मग मांजराचा विचार.

सीवुड्सकर, वातींचा मुद्दा अगदी योग्य आहे, मीही तेच करून घेते. पण आजार पुढे सरकतो. बोटांना कापूस ओळखता येत नाही, वाटाणा सालासकट तोंडात जातो, अशी अवस्था येते. तेव्हा जे आधी जमत होतं ते कामाचं राहत नाही. आणि घरचे अगदी थकले की डॉक्टरांकडे शांत करणारी गोळी मागतात. वृद्ध डिमेन्शिया रुग्णांमध्ये अँटिसायकोटिक औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा एफडीएने २००५ मध्येच दिला आहे. काहींना ती द्यावी लागतात, पण त्याआधी जे जे करता येईल ते करून पाहावं या मताची मी आहे. दिवेलागणीच्या आधीच घरातले दिवे लावा, टीव्हीवरच्या बातम्या बंद करा, भूक, लघवी, दुखणं तपासा. मांजराचा नंबर त्यानंतर.

बॅटरीचं झाकण स्क्रूने घट्ट हवं. आणि एका घरातून दुसऱ्या घरात तसंच नेऊ नका. ती लव धुता येत नाही, नुसती पुसून घरं फिरवणं मला धोक्याचं वाटतं.

उपवन_सकाळ

+१ हस्तस्पर्श. दिव्यांचा उपाय आमच्याकडे खरंच लागू पडला.

कोपरीकर

मी एकटा बाबांना सांभाळतो. भाचीने परदेशातून असं मांजर पाठवलं होतं. बाबा कोकणातले, लहानपण घरातली दुधाची भांडी मांजरापासून राखण्यात गेलेलं. त्याने डोळे उघडले, बाबांनी काठी उगारली. ते कपाटात आहे, संघाला हवं असेल तर घेऊन जा.

मला हवे आहेत ते आठवड्यातले काही तास. ब्युरोची (मदतनीस पुरवणाऱ्या संस्थेची) मावशी बारा तासांसाठीच मिळते आणि तिचा महिन्याचा पगार मला झेपत नाही. केस कापायला जायचं तरी शेजारच्या काकूंना बसवून जातो. आपल्या देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यामागे माझ्यासारखे किती असतील? देणगीतून एक प्रशिक्षित बाई नेमा आणि तिला चार-पाच घरांत तासांप्रमाणे वाटून द्या. ती बाबांशी बोलेलही.

घंटाळीकर

कोपरीकर, तुमचं मांजर नक्की नेईन, आणि तुमची मागणी बैठकीत पहिली मांडेन. बहुतेक रक्कम तासांच्या मदतनिसावर जावी हे मला पटतं. पण मांजरांचा प्रस्ताव मागे घेत नाही. मदतनीस चार वाजता आली आणि सातला गेली, तरी रात्री नऊला आजोबा दार वाजवतात तेव्हा घरी एकटी सूनच असते. तिच्या हाताशी आणखी एक उपाय असू दे.

हस्तस्पर्शताईंचं ऐकून बदल करतो. आळीपाळी रद्द, ज्या घरी दिलं ते त्यांचंच. आधी साधं खेळणं. आणि सीवुड्सकर, कुणी "हे जिवंत आहे का?" असं विचारलं तर "नाही, खेळण्यातलं आहे" असंच उत्तर द्यायचं, हे घरच्यांना आधी सांगू. उत्तर ऐकूनही त्यांनी ते मांडीवर ठेवलं, तर ती निवड त्यांचीच ना? केवडाच्या मावशीच्या उशीला तुम्ही हो म्हणालात.

सीवुड्सकर

तेवढं मान्य. "जिवंत आहे" असं कुणी सांगणार नसेल तर माझा फसवणुकीचा आक्षेप बराच कमी होतो. संपत नाही, कारण दोन मिनिटांनी ते उत्तर आजी-आजोबा विसरलेले असतील. आईसाठी मी घेणार नाही, आणि तुमच्या बैठकीत असते तर मदतनिसाच्या बाजूनेच हात वर केला असता.

ठरावात दोन गोष्टी लिहून घ्या. मांजर ठेवायला दिलं की त्या घरचे मदतनिसाचे तास कमी करायचे नाहीत. आणि मांडीवर मांजर घेतलेल्या आजी-आजोबांचे फोटो संघाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचे नाहीत, देणगीदाराला दाखवायलासुद्धा नाहीत.